जुन्या गाडीच्या इंजिनातली खटखट: आधी आवाज ओळखा, मग पाना उचला

दीड-दोन लाख किलोमीटर झालेली पेट्रोल गाडी खटखट करायला लागली की दोन सल्ले हमखास मिळतात. जाड ऑइल टाका, नाहीतर पेट्रोलमध्ये ऑक्टेन वाढवणारी बाटली ओता. जाड ऑइलने बेरिंगचा आवाज महिनाभर दबतो आणि तेवढा महिना क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) घासत राहतो. बाटलीने बेरिंगला काहीच होत नाही. घरच्या आणि शेजारपाजारच्या गाड्यांची ही खटखट मी अनेकदा शोधली आहे. त्यावरून सांगतो, दुरुस्ती अवघड नसते. आवाज कुठला आहे हे ओळखणं अवघड असतं, आणि तिथेच लोक घाई करतात.

१. ऑइलपासून सुरुवात

पातळी बघा, कमी असेल तर भरा आणि परत ऐका. ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर गाडी तिथेच बंद करा आणि ओढून न्या. पण दिवा लागत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. बहुतेक गाड्यांत दाब अर्ध्या बारच्याही खाली गेला तरच तो पेटतो. इंजिनावरचा, या दिव्याचा स्विच काढून त्या जागी प्रेशर गेज लावा. गरम इंजिनला दर १००० आरपीएममागे साधारण १० पीएसआय हा ढोबळ हिशोब. पक्का आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरा.

२. आवाज कधी येतो?

खंबाटकी चढताना, वरच्या गेअरमध्ये पाय दाबला की डब्यात वाटाणे हलवल्यासारखा खळखळाट होतो आणि पाय काढला की थांबतो, तर ते पिंगिंग किंवा नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोलचा अवेळी, आपोआप होणारा भडका. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीला कितीही रेस दिली तरी ते सहसा ऐकू येत नाही. म्हणून बॉनेट उघडून रेस देणाऱ्याला ते सापडत नाही आणि तो ‘काही नाही’ म्हणून मोकळा होतो.

सकाळी थंड इंजिनला ठकठक आणि पाच मिनिटांत गायब, तर पिस्टन सिलिंडरमध्ये डुलतोय. त्यासाठी इंजिन उघडू नका. वरून, व्हॉल्व्ह कव्हरमधून इंजिनाच्या निम्म्या गतीने टिकटिक येत असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट. ती फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) सेट करा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं तरी अशीच टिकटिक येते. एसीचा कॉम्प्रेसर किंवा अल्टरनेटर यांवर शंका असेल तर बेल्ट उतरवून अर्धा मिनिट इंजिन चालवा.

उभ्या गाडीतही, गरम इंजिनला, खालून जड ठकठक येत असेल तर पुढची पायरी करा. ती टाळू नका.

३. कुठल्या सिलिंडरचा आवाज?

रीत सगळ्यांना ठाऊक आहे. एकेका प्लगची वायर काढायची, आणि ज्या सिलिंडरची काढल्यावर आवाज मवाळ होतो त्याच्या कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) बेरिंग गेलं. स्फोटाचा धक्का गेला की ढिलं बेरिंग आपटत नाही. एवढं वाचून मी पहिल्यांदा हे केलं, आणि चारही वायरींना आवाज कमी झाला. मी निष्कर्ष काढला की बेरिंग नाही, टॅपेटच असणार. टॅपेट सेट केले, गाडी आणखी तीन आठवडे चालवली. शेवटी चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवला तेव्हा तिसऱ्या रॉडचं शेल, म्हणजे बेरिंगची अर्धगोल पट्टी, गेलेलं होतं. करड्या शेलच्या मधोमध तांबूस पट्टा उघडा पडला होता, आणि क्रँकच्या जर्नलवर (बेरिंग बसतं त्या गोल भागावर) नख अडकेल एवढी खाच. नुसत्या शेलवर भागलं असतं ते काम क्रँक ग्राइंडिंगपर्यंत गेलं.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. एक सिलिंडर बंद केला की इंजिनाचा वेग पडतो, आणि वेग पडला की कुठलाही आवाज मवाळ होतो. मी बेरिंग ऐकत नव्हतो, पडलेला वेग ऐकत होतो. शिवाय इंजिन थंड होतं. थंड ऑइल जाड असतं आणि ढिल्या बेरिंगला गादीसारखं सांभाळतं.

म्हणून आता असं करतो. आधी वीस मिनिटं गाडी फिरवून आणतो. आवाज फार मोठा असेल तर मात्र फिरवू नका, जागेवरच गरम करा. अ‍ॅक्सिलरेटरवर दुसरं माणूस बसवायचं आणि इंजिन १५०० आरपीएमवर धरायला सांगायचं. एक सिलिंडर बंद करायचा. वेग पडेल. तो परत १५०० वर आणायला सांगायचा, आणि तो स्थिर झाल्यावरच कान द्यायचा. मग सिलिंडर चालू करून आवाज परत येतो का ते बघायचं. प्रत्येक सिलिंडरला तीनदा. जो आवाज एकाच सिलिंडरबरोबर जातो आणि त्याच्याबरोबरच परत येतो, तोच खरा. कमी न होता उलट दुहेरी टकटक झाली तर गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन). कुठलाही एक सिलिंडर बंद करून फारसा फरक पडत नसेल आणि आवाज खोल, धप्प असा असेल, तर मेन बेरिंगचा (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेरिंगचा) संशय घ्या.

काढलेली वायर मोकळी लटकू देऊ नका, कॉइल जळते. तिला जुना प्लग लावून त्याचं धातूचं अंग इंजिनाला घट्ट टेकवा, आणि रबरी मुठीच्या पक्कडीशिवाय हात लावू नका. एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाडीत वायरीऐवजी इंजेक्टरचं कनेक्टर काढा, म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात नाही. लांब स्क्रू ड्रायव्हर चेंबरच्या कडेला टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली की जागाही कळते. फॅन आणि बेल्टपासून बाही, ओढणी लांब ठेवा.

पडताळा एकच: २५०० आरपीएमवरून पाय हळूच सोडा. वेग उतरताना क्षणभर खडखड वाढली तर बहुधा बिग एंड बेरिंग, म्हणजे रॉडचं क्रँकवरचं बेरिंग.

मग ऑइल पांढऱ्या ताटलीत काढून उन्हात बघा. चमचमणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते लोखंड, न चिकटलेला चमचमाट बहुधा बेरिंगचा. फिल्टरही पत्र्याच्या कातरीने उघडा. हॅकसॉने कापलात तर तिचाच चुरा आतल्या कागदात पडेल.

४. पिंगिंग निघालं तर

एक टाकी प्रीमियम पेट्रोल भरा. आवाज कमी झाला तर निदान बरोबर. ते फक्त तपासणीपुरतं, कायमचा उपाय नव्हे. डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत त्याची व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि टायमिंग लाइटने टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मॅन्युअलच्या अंशांवर आणा. प्लग योग्य हीट रेंजचेच हवेत. थर्मोस्टॅट, रेडिएटर तपासा. इथेनॉलमुळे नॉकिंग वाढतं हा समज चुकीचा आहे, इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो. मात्र कार्बोरेटरच्या गाडीत त्याने मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, ते सेट करून घ्या. गाडी ऑइल जाळत असेल तर पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा थर बसून कॉम्प्रेशन वाढतं. हेड काढून खरवडा, आणि व्हॉल्व्ह सील बदला, नाहीतर तोच थर परत बसेल.

५. बेरिंग निघालं तर

चेंबर उतरवा. रॉडच्या कॅपवर कुठलं कुणाचं आणि बाजू कुठली याच्या खुणा करा. एकाची कॅप दुसऱ्याला कधीही लावू नका. जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. गोल आणि गुळगुळीत असेल तर त्याच मापाचं शेल, खाच असेल तर क्रँक ग्राइंड करून ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाइज शेल. खाचेवर नवं शेल बसवून ‘चालेल’ म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणा. प्लास्टिगेजने (दाबल्यावर पसरणाऱ्या बारीक प्लास्टिक धाग्याने) फट तपासा, नट टॉर्क रेंचनेच आवळा. ऑइल पंपाची जाळी साफ करा, कारण पुष्कळदा बेरिंग जाण्याचं मूळ तिथेच असतं.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढा, कॉइलचं कनेक्शन सोडा आणि गेजवर दाब दिसेपर्यंत नुसता सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंद. दाब आल्यावरच प्लग लावा. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, ते ऑइल पुन्हा पांढऱ्या ताटलीत काढून उन्हात न्या.