युझॅबिलिटी शिकायचीय? एका युझरला समोर बसवा आणि गप्प राहा

युझॅबिलिटी इंजिनिअरिंग, म्हणजे सॉफ्टवेअर वापरायला सोपं जावं यासाठीचं काम, शिकायचं म्हटलं की बहुतेक डेव्हलपर आधी कोर्स शोधतात, मग कार्ड सॉर्टिंग, पर्सोना, कॉग्निटिव्ह वॉकथ्रू अशी पद्धतींची भलीमोठी यादी समोर येते आणि ती वाचून होईपर्यंत उत्साहच संपतो. माझं स्पष्ट मत आहे, सुरुवात एकाच पद्धतीने करा, युझर टेस्टिंगने, म्हणजे खऱ्या युझरला काम देऊन तो ते कसं करतो हे बघायचं, आणि तेही स्वतः लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर. बाकीच्या पद्धती नंतर पटकन कळतात, कारण त्या कुठली अडचण सोडवायला आल्यात हे तोवर तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं असतं.

आधी मोजायचं काय ते ठरवा. "युझर फ्रेंडली पाहिजे" हे काही मोजता येत नाही. आयएसओ ९२४१-११ हे स्टँडर्ड तीन गोष्टी बघायला सांगतं, काम नीट पूर्ण होतं का, त्याला वेळ आणि मेहनत किती लागते, आणि वापरणारा समाधानी आहे का, पण हे सगळं ठराविक युझर, ठराविक काम आणि ठराविक परिस्थिती धरूनच. म्हणून कागदावर एक वाक्य लिहा, उदा. "बिलिंगचं काम येणारा पण हे सॉफ्टवेअर न बघितलेला माणूस कुणाची मदत न घेता ३ मिनिटांत पहिलं बिल बनवू शकला पाहिजे." असं वाक्य लिहिता येत नसेल तर आपला युझर कोण हेच अजून ठरलेलं नाहीये.

मग टास्क, म्हणजे युझरला करायला द्यायची कामं, लिहायचे, आणि इथे घाई करू नका, बहुतेक टेस्ट इथेच वाया जातात. समजा स्क्रीनवर "नवीन बिल" असं बटण आहे आणि तुम्ही टास्क दिला "नवीन बिल बनवा", तर समोरचा फक्त ते शब्द शोधणार, त्याला सापडणार, तुम्ही खूश होणार आणि कळलं मात्र काहीच नाही. त्याऐवजी असं लिहा, "एका ग्राहकाने काल २ खुर्च्या नेल्या, पैसे द्यायचे राहिलेत, त्याला पैसे मागायचे आहेत, काय कराल?" स्क्रीनवरचा एकही शब्द टास्कमध्ये यायला नको.

टेस्ट सुरू करताना दोन गोष्टी सांगा, "तपासणी सॉफ्टवेअरची आहे, तुमची नाही" आणि "मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा". याला थिंक अलाउड म्हणतात, १९८२ मध्ये आयबीएममधल्या क्लेटन लुईस यांनी ही पद्धत इंटरफेसच्या कामासाठी मांडली. त्यानंतर तुम्ही गप्प बसायचं, आणि खरं सांगतो हे सगळ्यात अवघड आहे, कारण बटण समोर दिसतंय आणि माणूस भलतीकडेच शोधतोय हे बघून हात शिवशिवतात. त्याने विचारलं "हे दाबू का?" तर "मी इथे नसतो तर काय केलं असतं?" एवढंच म्हणा.

आता नीट बघा काय होतं. माणूस फॉर्म भरतो, सेव्ह दाबतो, काहीच होत नाही. परत दाबतो. चूक सांगणारा लाल मेसेज पानाच्या वरच्या टोकाला आलाय पण तो खाली स्क्रोल करून आलाय, त्याला दिसणार कसा? तिसऱ्यांदा दाबतो आणि म्हणतो, "नेट गेलं वाटतं." हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या! "युझर कन्फ्यूज झाला" अशी नोट कुणाच्याच कामाची नाही, पण "नेट गेलं वाटतं" यातून कळतं की त्याला आपली चूक आहे हे समजलंच नाही, म्हणजे मेसेज त्या रकान्याच्या शेजारीच यायला हवा.

किती माणसं लागतात? जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर या संशोधकांनी १९९३ मध्ये जे गणित मांडलं त्यात एका युझरमागे सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात असं धरलं तर ५ जणांत साधारण ८५ टक्के दिसतात. पण ही सरासरी आहे, युझर एकाच प्रकारचे असतील तरच लागू पडते, सॉफ्टवेअर गुंतागुंतीचं असेल तर आकडा खाली येतो. म्हणून १५ माणसं मिळत असतील तर सगळी एकदम संपवू नका, ५-५ च्या तीन फेऱ्या करा आणि मधे दुरुस्ती करा.

युझर येण्याआधी ह्युरिस्टिक इव्हॅल्युएशन करून घ्या, म्हणजे चांगला इंटरफेस कसा असावा याची नील्सनची १० तत्त्वं हातात घेऊन ३ ते ५ जणांनी वेगवेगळं बसून स्क्रीन तपासायची आणि नंतर याद्या एकत्र करायच्या. एकत्र बसून केलं तर जो मोठ्याने बोलतो त्याचीच यादी होते. ढोबळ चुका इथेच निघतात आणि युझरचा वेळ त्यात जात नाही.

टेस्ट संपल्यावर युझरकडून एसयूएस (सिस्टिम युझॅबिलिटी स्केल) भरून घ्या, जॉन ब्रूक यांची १९८६ ची १० वाक्यांची प्रश्नावली, प्रत्येक वाक्य किती पटतं त्याला १ ते ५ गुण. विषम क्रमांकाच्या वाक्यांच्या गुणातून १ वजा करा, सम क्रमांकाच्या वाक्यांचे गुण ५ मधून वजा करा, बेरीज गुणिले २.५. येतो तो स्कोअर १०० पैकी, पण टक्केवारी नाही हां, ६८ च्या आसपास सरासरी समजतात. काय बिघडलंय हे तो स्कोअर सांगत नाही, ते नोट्समधूनच काढायचं.

शेवटी प्रत्येक अडचणीला ० ते ४ अशी तीव्रता द्या, ४ म्हणजे रिलीजच्या आधी दुरुस्त झालंच पाहिजे, आणि बाकी बग जातात त्याच ट्रॅकरमध्ये टाका, वेगळा रिपोर्ट केला तर तो कुणी उघडत नाही. दुरुस्ती झाली की टास्क तेच ठेवा पण माणसं नवीन आणा, जुन्यांना रस्ता पाठ झालेला असतो.