ऊसतोडीच्या घरातलं लेकरू लिहायला लागलं तर मदत कशी करायची

आपल्या बीड-धारूरकडचं एखादं पोरगं "सर, काहीतरी लिहिलंय, बघता का" म्हणून मोबाईलवर पाठवतं, अन् आपण मास्तर लोक लगेच ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला बसतो. मी पण बसलो होतो. एकानं लिहिलं होतं, "टोळीत बारा कोयते, त्यात आमचा अर्धाच." मी खाली रेघ मारून विचारलं, मोडका कोयता म्हणायचंय का? आता ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम (टोळी नेणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती पण जोडीवर, अन् अर्धा कोयता म्हणजे एकटा माणूस. त्या साली माय आजारी होती म्हणून बाप एकटाच गेलता. सगळ्या गोष्टीचा जीव त्या शब्दात होता आणि पोरानं पुढच्या खेपेला ते वाक्यच काढून टाकलं, मला काही न बोलता.

तवापासून पहिल्या वाचनाला पेन हातात घेत नाही. दुसऱ्या वेळी दोनच खुणा करतो, एक जिथं अजून ऐकायचंय तिथं आणि दुसरी जिथं मला कळलं नाही तिथं. कळलं नाही की विचारायचं, आपला शब्द सुचवायचा नाही. नुसतं "कोपीत पाणी शिरलं" (कोपी म्हणजे टोळीची तात्पुरती झोपडी) लिहिलं असलं तर विचारा, रात्री का पहाटे, लेकरं कुठं नेली, पीठ भिजलं का? लिहायला अडतंय म्हणणाऱ्याला व्हॉइस नोट करायला सांगा, पण ती त्यालाच उतरवू द्या, आपण उतरवली की भाषा आपली होऊन बसते. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, अन् बोलण्यातलं "कामून", "गेलता" तसंच राहू द्या.

वेळ बघून काम काढा. साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की टोळ्या जातात, कधी लेकरूही सोबत जातं, तेव्हा जानेवारीत "ड्राफ्ट कुठाय" म्हणून मेसेज टाकण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात माणसं घरी असतात आणि दिवाळी अंकांची जुळवाजुळवही त्याच सुमारास चालू असते, त्यामुळं जून-जुलैत बसा. पोरगी असेल तर तिला उजेडात घरी पोचता येईल अशी वेळ ठेवा (२०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, पण रात्रीची गाडी काही वाढली नाही).

नुसता सल्ला पुरत नाही, छापायला जागा लागते. गंगाधर पानतावणेंनी औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक चालवलं, लेखक-वाचक मेळावे घेतले, तिथं कितीतरी नव्या लिहिणाऱ्यांना पहिल्यांदा जागा मिळाली. आपल्या ओळखीचा संपादक असेल तर फोन करा, पण लेख लेकराच्याच नावानं, त्याच्याच ईमेलवरून जाऊ द्या. संपादक "अजून थोडं भोगलेलं टाका" म्हणाले तर नाही म्हणायचा हक्क आहे, हे त्याला आधीच सांगून ठेवा. त्याला जत्रेतली गंमत लिहायची असेल तर तीच लिहू द्या की.

छापायच्या आधी एकदा घरच्यांना वाचून दाखवायला लावा. मुकादमाचं नाव, गावाचं नाव, उचलीचा आकडा, यातलं काय बदलायचं ते तेच ठरवतील, कारण पुढच्या साली त्याच मुकादमाकडं जायचं असतं. मानधनाचं आधीच विचारून घ्या आणि खातं त्याचं द्या, तुमचं नाही.