हळदीच्या गावात पांढरं टेबल

आपल्या सांगलीत जेवणाचं टेबल घ्यायला दुकानात पाऊल टाकण्याआधी जुनी वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडून टेबलाच्या मापाचा कागद करा आणि जमिनीवर अंथरा. माणशी दोन फूट, आणि खुर्ची सरकवून उठायला भिंतीपर्यंत तीन फूट मोकळी जागा हवी. दोन दिवस त्याला वळसा घालून वावरा, म्हणजे मोठ्या टेबलाचा हट्ट आपोआप उतरतो. मग जिना मोजा. सहा बाय तीन फुटांचा, 18 मिलिमीटर जाडीचा संगमरवर 80 किलोच्या आसपास भरतो.

खरी परीक्षा नमुन्याची. दगड, लाकूड, रेझिन (ओतून घट्ट होणारं पारदर्शक प्लास्टिक) काहीही असो, त्याच पॉलिशचा हातभर तुकडा मागून घरी आणा. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्या ताटाखाली ती त्याआधीपासून सांडते आहे! तेव्हा त्या तुकड्यावर हळदीचं बोट ओढा, शेजारी लिंबाची फोड ठेवा आणि रात्रभर विसरून जा. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू-चिंचेने त्याची तकाकी उडते आणि निस्तेज ठिपका राहतो. दगडावर लावायचा संरक्षक सीलर डाग मुरू देत नाही, हे तकाकी उडणं मात्र थांबवत नाही. विक्रेता ‘काही होत नाही मॅडम’ म्हणेल; ओट्यावरचा कडप्पा आठवा, तोही चुनखडीच. मला विचाराल तर रोजच्या जेवणाला ग्रॅनाइट किंवा साग, आणि संगमरवर दिवाणखान्यात, फुलदाणीखाली.

रेझिनची नदी वाहणारं टेबल देखणं असतं, पण तापलेलं पातेलं थेट ठेवायचं नाही आणि पश्चिमेच्या उन्हात ते पिवळं पडतं. टेबलाला पितळी पत्रा असेल तर त्यावर लॅकर, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, आहे का, विचारून घ्या; असेल तर चिंचेने घासू नका.

घर नदीकडच्या भागात, तळमजल्यावर असेल तर 2005, 2019 आणि 2021 चे पूर आठवूनच पाय निवडा. पुराच्या पाण्यात दगड एक वेळ धुऊन निघेल, पण एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) एकदा फुगलं की परत बसत नाही. स्क्रूने सुटणारे पाय आणि दोघांना वर नेता येईल अशी फळी घ्या. प्लायवूड असलं तर त्यावर आयएस 710 चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवूडच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा.

बिलावर नुसतं ‘सागवानी’ लिहून घेऊ नका. अख्खा साग, की प्लायवर सागाचा पापुद्रा, ते शब्दांत हवं. आणि तो नमुन्याचा तुकडा परत करू नका; टेबल उतरवताना शेजारी धरून रंग जुळवायचाय.