हिवाळाभर राहण्यासाठी फिफ्थ व्हील घेताना

कॅनडातला हिवाळा टाळून ॲरिझोनात चार-पाच महिने राहायचं ठरवलं असेल, तर फिफ्थ व्हीलचा, म्हणजे पिकअपने ओढायच्या घरासारख्या ट्रेलरचा, सोफा आणि फायरप्लेस पाहण्याआधी आपल्या पिकअपचं दार उघडा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पेलोडचं, म्हणजे गाडी किती भार पेलू शकते याचं, स्टिकर असतं. या ट्रेलरची जोडणी पिकअपच्या हौद्यात होते आणि त्याच्या वजनाचा साधारण २० ते २५ टक्के भार थेट तिथे येतो. म्हणजे १४,००० पौंडांचा ट्रेलर असेल तर २,८०० ते ३,५०० पौंड. त्यात हिच (ट्रेलर अडकवायचा सांधा), माणसं आणि सामान वेगळं. आकडा बसत नसेल तर तो ट्रेलर कितीही आवडो, सोडून द्या.

मग आत जा, आणि विक्रेत्याला सगळे स्लाइड (मुक्कामात बाहेर सरकवायचे, प्रवासात आत घ्यायचे खोलीचे भाग) बंद करायला सांगा. बाथरूम आणि फ्रिजपर्यंत पोचता येतं का? वाटेत जेवायला थांबल्यावर हेच नडतं. दोन एसी हवे असतील तर ५० अँपची जोडणी घ्या. ३० अँपवर जेमतेम ३,६०० वॅट मिळतात.

ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइट गावाजवळच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल मुक्काम करता येतो, पण जागेवर नळ-वीज नसते. तिथे राहायचं असेल तर पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्या मोठ्याच हव्यात. वॉरंटीही नीट वाचा. कायम राहण्यासाठी वापरल्यास काही कंपन्या ती नाकारतात, तेव्हा हंगामी मुक्कामाबद्दल लेखी विचारून घ्या.