जुन्या पाम, सायॉन, आयपॅकची स्क्रीन उघडण्याआधी या चुका टाळा

गेल्या महिन्यात एका मित्राने कपाटातला जुना पाम व्ही, म्हणजे स्मार्टफोनच्या आधीचा हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर, काढला, रात्रभर चार्ज केला आणि सकाळी मला फोन केला. "स्क्रीन गेली रे, सगळं पांढुरकं दिसतंय." त्याला म्हटलं, खिडकीशी जा आणि वरच्या कडेला कॉन्ट्रास्टचं छोटं बटण आहे, ते दाबून बघ. दोन मिनिटांत अक्षरं ठसठशीत दिसायला लागली. तोवर त्याने मागचं कव्हर उघडण्यासाठी हेअर ड्रायर आणून ठेवला होता! पाम व्हीचं कव्हर डिंकाने चिकटवलेलं असतं. ते एकदा उचकटलं की पुन्हा नीट बसत नाही.

अशा घाईत पाम, सायॉन, आयपॅकसारख्या छोट्या कॉम्प्युटरच्या चांगल्या स्क्रीन वाया जातात. त्या आता नव्याने बनत नाहीत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

फोनच्या नजरेने बघू नका

आपल्या डोळ्यांना आता मागून उजळलेल्या पडद्याची सवय झाली आहे. १९९४ सालच्या एचपी २००एलएक्सला दिवाच नाही. ६४० बाय २०० ठिपक्यांची ती करडी काच फक्त बाहेरून पडलेला उजेड परत फेकते. रात्री पलंगावर पडून ती बघितली, तर मेलेलीच वाटणार. टेबल लॅम्प डाव्या खांद्यामागे घ्या, मशीन थोडं तिरकं करा, मग बोला.

रंगीत मशीनमध्ये तर गोंधळ आणखी वाढतो. २००० साली आलेल्या पाम थ्रीसीची स्क्रीन ट्रान्समिसिव्ह आहे, म्हणजे उजेड पूर्णपणे मागच्या दिव्याचा. खोलीत ती सुरेख दिसते, गच्चीवर नेली की काही दिसत नाही. त्याच वर्षीच्या कॉम्पॅक आयपॅक एच३६०० चं नेमकं उलटं. ती रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे समोरून पडलेला उजेड परत फेकणारी, दिवा बाजूने समोर पडणारा, आणि भर उन्हात ती खुलते. २००१ चा पाम एम५०५ सुद्धा याच जातीचा. घरात तो इतका मंद दिसतो, की नव्याने घेणारा हमखास "दिवा कमजोर झालाय" म्हणतो. तो नवा होता तेव्हाही लोकांची हीच तक्रार होती.

म्हणून पहिली चाचणी साधी आहे. दिवा बंद करा आणि मशीन उन्हात धरा. चित्र उजळलं तर स्क्रीन रिफ्लेक्टिव्ह आहे. पुसट झालं तर ट्रान्समिसिव्ह. दोन्हीकडे जेमतेम चाललं, तर बहुतेक ट्रान्सफ्लेक्टिव्ह, म्हणजे दोन्ही प्रकारे चालणारी. मग दोष शोधायचा.

स्वभावाला बिघाड समजू नका

एचपी जोर्नाडा ७२० सारख्या पॅसिव्ह रंगीत स्क्रीनवर गडद चौकटीच्या रेषेत फिकट सावली लांबपर्यंत पसरते, आणि यादी वर-खाली सरकवली की अक्षरांचं शेपूट मागे रेंगाळतं. केबल बदलून हे जाणार नाही. अशा स्क्रीनमध्ये प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा ट्रान्झिस्टर नसतो, सगळी ओळ एकत्र चालवली जाते. टीएफटी प्रकारच्या स्क्रीनमध्ये तो असतो, म्हणून तिथे हे दिसत नाही.

फोटोतल्या आभाळात पट्टे दिसतात म्हणून रिसेट मारत बसणारेही भेटतात. आयपॅक एच३६०० मुळात ४,०९६ रंगांचाच. जोर्नाडा ५४० मालिकेच्या जाहिरातीत ६५,५३६ रंग होते, प्रत्यक्षात तीही ४,०९६ रंगच दाखवते, आणि एचपीने हे तेव्हाच मान्य केलं होतं. पाम एम१३० च्या बाबतीत २००२ मध्ये पामलाही तसंच कबूल करावं लागलं: ६५ हजारांच्या जागी ५८,६२१, आणि तेही शेजारचे रंग मिसळून साधलेले. पट्टे दिसणारच.

पाम थ्रीएक्स आणि पाम व्हीवर दिवा लावला की अक्षरं उजळतात आणि मागचा भाग काळा राहतो. हीसुद्धा त्यांची रचनाच आहे. उजेड असताना दिवा बंद ठेवा, अक्षरं जास्त स्पष्ट दिसतील.

हिरवट दिवा मंदावला असेल तर

सायॉन सिरीज ५ (१९९७, ६४० बाय २४०, करड्याच्या १६ छटा) आणि त्या काळातल्या करड्या पाममध्ये ईएल (इलेक्ट्रोल्युमिनेसंट) बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, असतो. कागदासारखा पातळ, फॉस्फरचा थर दिलेला. तो एलईडीसारखा वर्षानुवर्षं तेवढाच तळपत नाही. जितका जळेल तितका मंदावतो, आणि दमट हवा त्याला आणखी लवकर खाते. मुंबई-कोकणातल्या मशीनमध्ये हे फार दिसतं. दिवा लावल्यावर बारीक "ऽऽईं" असा आवाज येतो. तो सेलचा कमी व्होल्टेज वाढवून एसी करणाऱ्या इन्व्हर्टरचा, आणि तो येत असेल तर इन्व्हर्टर जिवंत आहे असं समजा. आवाज आहे पण उजेड नाही, तर तो कागदासारखा दिवाच संपलाय. सर्किट उकरू नका. आणि मशीन उघडं असताना दिवा लावून त्या भागात बोट घालू नका, झटका बसतो.

उन्हाळा आणि कॉन्ट्रास्ट

करड्या स्क्रीनचा कॉन्ट्रास्ट तापमानाबरोबर सरकतो. नागपूरला मे महिन्यात सगळा पडदा काळपट होईल, तोच महाबळेश्वरच्या थंडीत फिका आणि संथ. कॉन्ट्रास्ट जुळवा, एवढाच उपाय. गाडीच्या डॅशबोर्डवर राहून स्क्रीन पूर्ण काळवंडली असेल, तर मशीन बंद करून सावलीत ठेवा. बहुतेक वेळा थंड झाल्यावर ती परत येते. फ्रिजमध्ये मात्र घालू नका, आत दंव धरतं.

माझ्या हातून झालेली चूक

एका करड्या मशीनच्या कोपऱ्यात तपकिरी डाग होता आणि पोलरायझरची (काचेवरच्या उजेड गाळणाऱ्या थराची) फिल्म बुडबुड्यांसारखी उचलली गेली होती. नाक जवळ नेलं तर व्हिनेगरचा आंबूस वास. फिल्ममधलं अ‍ॅसिटेट सडायला लागलं की हा वास येतो. मी ती सोलली, उरलेला डिंक थिनरने पुसला. थिनर काचेच्या कडेने आत झिरपला आणि खालच्या चार ओळी कायमच्या गेल्या. डिंक काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा किंचित ओला कापूस पुरतो. वेळ लागतो, लागू द्या.

दुसरी चूक त्याच दिवशीची. बाजारातली साधी पोलरायझर शीट आणून लावली आणि करडा पडदा पिवळट-निळा झाला. एसटीएन, म्हणजे या करड्या पॅसिव्ह प्रकारच्या काचेचा मूळचा रंग तोच असतो. तो घालवणारी आणखी एक फिल्म जुन्या पोलरायझरलाच चिकटलेली होती, ती मी कचऱ्यात टाकली होती. शिवाय शीट कापण्याआधी ती काचेवर फिरवत कोणत्या कोनात अक्षरं सर्वांत गडद दिसतात हे बघून खूण करावी लागते. मी सरळ कापली होती.

टच भलतीकडे लागतोय?

आधी कॅलिब्रेशन करा, म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन टचच्या जागा जुळवून घ्या. मग चौकटीच्या फटीत एक पातळ व्हिजिटिंग कार्ड घालून चारही कडांनी हलकेच फिरवा. तिथे अडकलेली वाळू किंवा बिस्किटाचा चुरा टचची फिल्म सतत दाबून धरतो, आणि पेन न लावताच टॅप लागत राहतात. माझ्याकडे आलेली कित्येक मशीन एवढ्यावर बरी झाली आहेत. स्प्रे थेट काचेवर मारू नका, फडक्यावर घ्या. काच साफ करायचा अमोनियावाला निळा द्राव तर नकोच.

उघडायचंच ठरलं, तर आधी सगळा डेटा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. या पाममध्ये आणि आयपॅकमध्ये तो रॅममध्ये राहतो. बॅटरी निघाली की थोड्याच वेळात सगळं पुसलं जातं.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मशीन घेताना ते दुकानाच्या ट्यूबलाइटखाली बघून पैसे देऊ नका. बाहेर उजेडात या, कॉन्ट्रास्ट अगदी कमी आणि मग अगदी जास्त करा. जास्त केल्यावर पडदा एकसारखा काळा होत असेल आणि मध्ये पांढरी रेघ राहत नसेल, तर काच आणि तिच्या जोडण्या बऱ्याच अंशी ठीक आहेत. मग कोपरे नाकाशी नेऊन वास घ्या.