सोलापूरच्या उन्हाळ्यात स्कीचे साहित्य कसे ठेवावे

गुलमर्ग किंवा औलीचा हंगाम संपला, की स्कीच्या साहित्याला पुढचे कित्येक महिने सोलापूरची हवा सोसावी लागते. प्रथम स्की ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरड्या कराव्यात. कडेच्या पोलादी पट्टीवर तांबूस डाग दिसल्यास तो बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून काढावा. त्यानंतर तळाला स्कीच्या मेणाचा जाड थर इस्त्रीने द्यावा. मेणातून धूर निघू लागला, तर इस्त्री फार तापली आहे असे समजावे. हा थर पुढच्या हंगामापर्यंत खरवडू नये आणि तो कडांवरही ओघळू द्यावा, कारण पावसाळ्यातील दमटपणापासून पोलादाचे रक्षण तोच करतो.

बुटांचे अस्तर बाहेर काढून उन्हात नव्हे, तर पंख्याखाली वाळवावे आणि परत बसवल्यावर बकले सैलसर लावावीत, म्हणजे प्लॅस्टिकचा आकार बिघडत नाही.

सर्वांत महत्त्वाची आहे ती जागा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो आणि स्लॅबखालचा माळा भट्टीसारखा तापतो. तेथे हे साहित्य कदापि ठेवू नये. आतल्या थंड, कोरड्या खोलीत स्की पट्ट्याने न आवळता ठेवाव्यात. झाकायला प्लॅस्टिक नको, त्यात दमटपणा कोंडतो. जुनी सोलापुरी चादर उत्तम.