गॉगल आधी बादलीत बुडवून बघा

आतापर्यंत तीन गॉगल मी पाण्याला वाहिलेत. त्यातला एकही कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, उलटल्यामुळे गेलेला नाही. पहिला गेला पाण्याची बाटली उचलायला वाकले तेव्हा, दुसरा वल्ह्याचा दांडा काडीला लागून, आणि तिसरा चक्क किनाऱ्यावर, कयाकमधून उतरताना. गुडघाभरच पाणी, पण गढूळ. अर्धा तास पायाने चाचपत होते. तेव्हापासून गॉगल घेताना माझा पहिला प्रश्न ठरलेला: हा पडला तर तरंगेल का?

बहुतेक तरंगत नाहीत. पॉलिकार्बोनेटची भिंगं पाण्यापेक्षा जड असतात, वर बिजागरीचे स्क्रू. काचेची भिंगं तर सरळ तळ गाठतात. म्हणून फोमचा तरंगणारा पट्टा लागतोच. तोही सगळ्याच गॉगलांना पेलत नाही, तेव्हा घरी बादली भरा, पट्टा लावलेला गॉगल हाताने तळाशी दाबा, हलवून अडकलेली हवा काढा आणि सोडून द्या. पाच मिनिटांनीही वरच असला तर पास. गोड्या पाण्यात तरंगला की समुद्राच्या पाण्यात तरंगणारच, ते जास्त दाट असतं. पट्टा नारिंगी किंवा पिवळा घ्या. काळा पट्टा तरंगत असला तरी चार हातांवरून दिसत नाही.

पट्टा बसवताना काडी ओली करून त्याच्या रबरी नळीत सरकवा आणि रात्रभर सुकू द्या. सुकल्यावर रबर घट्ट धरतं. मग गॉगल घालून डोकं खाली घाला आणि जोरात हलवा. घरचे हसतील, हसू द्या. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच ढील ठेवा. लांब दोरी लाइफ जॅकेटच्या मानेपाशी अडकते आणि मान वळवली की गॉगल नाकावरून उचलला जातो. हाच त्रास मी सहा महिने सोसला, दोष मात्र फ्रेमला देत होते! वाहत्या पाण्यात उतरणार असाल तर ओढ बसली की आपोआप सुटणारा पट्टाच घ्या; तिथे गळ्याभोवती न सुटणारं काहीही नको. हेल्मेट घालत असाल तर ते सोबत नेऊन गॉगल घालून बघा. जाड, वाकड्या काड्या हेल्मेटखाली कानाला टोचतात.

आता भिंगं. पोलराइज्डच घ्या. पाण्यावरून परतणाऱ्या उजेडाची कंपनं बरीचशी आडवी असतात, आणि पोलराइज्ड भिंग तीच अडवतं. सूर्य क्षितिजापासून साधारण 37 अंशांवर असताना समोरून येणारी चकाकी या भिंगाने जवळजवळ पुसली जाते आणि पाण्याखालचा दगड दिसायला लागतो. दुकानात खात्री करायची तर दोन पोलराइज्ड गॉगल एकमेकांवर धरून एक काटकोनात फिरवा. काळोख झाला पाहिजे. एक खोट सांगते: फोनचा किंवा जीपीएसचा पडदा काही कोनांतून काळा पडतो. तुमचा फोन उभा-आडवा धरून आधीच बघून ठेवा.

पोलराइज्ड म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण, असं नाही. त्यासाठी यूव्ही 400 वेगळं लिहिलेलं हवं. नुसत्या गडद भिंगामागे डोळ्याची बाहुली मोठी होते, म्हणजे संरक्षण नसेल तर उलट जास्तच किरणं आत. भिंग किती गडद ते कॅटेगरीवरून कळतं; कॅटेगरी 3 पुरते. ते भिंग 8 ते 18 टक्के उजेड आत सोडतं. त्याहून गडद कॅटेगरी 4 घालून गाडी चालवायची नसते, आणि परतताना स्टिअरिंगवर मीच असते. रंगाचं म्हणाल तर करड्या भिंगातून रंग खरे दिसतात, पण मी तपकिरी वापरते. उथळ पाण्यात तळाची चढउतार त्यातून ठसठशीत दिसते.

पाण्यावर उजेड खालूनही येतो, म्हणून फ्रेम गालापर्यंत वळलेली बरी. पापण्या भिंगाला टेकतील इतकी जवळ मात्र नको. वल्हवून घाम आला की लगेच धुकं धरतं.

खाऱ्या पाण्याचे थेंब सुकले की मिठाचे कण उरतात. शर्टाने पुसलंत तर ओरखडे पडलेच म्हणून समजा. आधी गोड्या पाण्याने धुवा, मगच मऊ कापड. बिजागऱ्याही धुवा, नाहीतर स्क्रू गंजतात. सनस्क्रीनची बोटं भिंगाला लावू नका.

आणि तो ओरखडे पडलेला जुना गॉगल टाकून देऊ नका. माझा ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, पडून असतो, चौथ्याची वेळ आलीच तर.